खुर्चीसकट बाहेर

४ जून २०२४ ची दुपार. भिवंडीत यंत्रमागांच्या खटखटीवर टीव्हीचा आवाज चढला होता. लोकसभेची मतमोजणी सुरू होती आणि केंद्रीय राज्यमंत्री कपिल पाटील यांची खुर्ची जाणार की राहणार, हा शहरातला एकमेव प्रश्न होता. (गेली. सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा निवडून आले.) त्याच दुपारी, शहराला लागून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गाने दीडशेहून अधिक किलोमीटर पुढे, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारावर आणखी दोघांच्या खुर्चीचा प्रश्न आला होता. ते सुखोई-३० या लढाऊ विमानात होते आणि विमान कोसळत होतं. दोघेही खुर्चीसकट बाहेर पडले आणि वाचले. विमान शेतात जळून गेलं.

अशी बातमी वाचली की चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो. हजार किलोमीटरच्या वेगानं उडू शकणारं विमान पडतं, त्याचा कोळसा होतो आणि पायलट किरकोळ जखमी? उडी मारायला त्याला वेळ मिळतो कधी?

उत्तर असं की तो उडी मारतच नाही.

१. उडी नव्हे, गोळा

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात वैमानिक खरोखर उडी मारत. पट्टे सोडायचे, वरचं काचेचं झाकण सरकवायचं, पंखावर पाय ठेवायचा आणि स्वतःला झोकून द्यायचं. विमानं ताशी दोन-तीनशे किलोमीटरनं उडत होती तोवर हे जमण्यासारखं होतं. वेग वाढला तसा वारा माणसाला जागेवर दाबून धरू लागला. त्यातून सुटलाच, तर मागच्या शेपटीवर आपटायचा. महामार्गावर धावत्या गाडीतून हात बाहेर काढला की तो कसा मागे फेकला जातो, ते आठवावं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. सहापट वेगाला छत्तीसपट.

म्हणून उपाय निघाला तो असा, की माणसानं उठायचंच नाही. त्याला खुर्चीला बांधायचं आणि खुर्चीच तोफेच्या गोळ्यासारखी उडवायची. जीव वाचवण्यासाठी खुर्चीखाली हा असा दारूगोळा ठेवलेला असतो.

संकटात या खुर्चीचा पहिला वापर १३ जानेवारी १९४२ रोजी जर्मनीत झाला. हेल्मुट शेंक हा चाचणी वैमानिक हाइंकेल २८० या विमानात होता. विमानावर बर्फ साचला, ते काबूत येईना आणि शेंक दाबलेल्या हवेच्या जोरावर खुर्चीसकट वर गेला. ब्रिटनमध्ये विमानं बांधणाऱ्या जेम्स मार्टिन यांचा भागीदार आणि मित्र व्हॅलेंटाइन बेकर १९४२ मध्येच चाचणी उड्डाणात गेला. त्यानंतर मार्टिन यांनी सारं लक्ष वैमानिक वाचवण्याकडे वळवलं. आधी वाळूची पोती उडवली. मग २४ जुलै १९४६ रोजी बर्नार्ड लिंच हा त्यांच्याच मार्टिन-बेकर कंपनीचा फिटर उडत्या विमानातून उडाला आणि सुखरूप खाली आला. वैमानिकाच्या आधी हा प्रयोग वर्कशॉपातल्या माणसावर झाला, यात जगातल्या कुठल्याही कारखान्यातल्या कामगाराला नवल वाटणार नाही.

२. दोन-तीन सेकंदांतलं वेळापत्रक

आजच्या खुर्चीत वैमानिकाला एकच काम उरलं आहे. दोन पायांच्या मधली मूठ ओढायची. पुढचं सारं खुर्ची करते.

काचेचं झाकण उडतं किंवा फुटतं. पट्टे आवळून अंग खुर्चीला चिकटवतात आणि पाय आत खेचले जातात, नाहीतर ते समोरच्या यंत्रांच्या फळीत अडकून मागेच राहायचे. पहिला स्फोट खुर्चीला रुळांवरून वर ढकलतो, मग रॉकेट पेटून तिला विमानापासून दूर नेतं. नंतर खुर्ची वैमानिकाला सोडून देते आणि हवाई छत्री उघडते. दोन माणसांच्या विमानात साधारणपणे मागचा आधी जातो, पुढचा नंतर. पुढचा आधी गेला, तर त्याच्या रॉकेटची आच मागच्याच्या तोंडावर येईल. एसटीच्या दारातही इतकी शिस्त नसते.

सुखोईत बसवलेली रशियन बनावटीची के-३६ खुर्ची शून्य उंची आणि शून्य वेग या स्थितीतही काम करते. विमान धावपट्टीवर नुसतं उभं असलं तरी ती माणसाला इतकं उंच फेकते की छत्री उघडायला जागा मिळावी. वेळेचा प्रश्न मात्र खुर्चीकडून सुटत नाही, कारण मूठ कधी ओढायची हे माणसालाच ठरवावं लागतं. आणि कोट्यवधींचं विमान आणखी दोन सेकंदांत सावरेल असं माणसाला शेवटपर्यंत वाटत राहतं.

३. पाठीच्या कण्याचा हिशेब

स्थिर बसलेल्या माणसावर पृथ्वीची ओढ एक पट असते. लिफ्ट झटक्यानं वर निघाली की क्षणभर आपण जड झाल्यासारखं वाटतं, तेव्हा ती एका पटीपेक्षा थोडी वाढलेली असते. उडणाऱ्या खुर्चीत ती बारा-पंधरा पटींच्या घरात, कधी त्याहूनही वर जाते.

हिशेब सोपा आहे. ७० किलोचा वैमानिक आणि १५ पट ओढ धरली, तर गुणाकार येतो १०५० किलो. भिवंडीच्या गल्ल्यांतून सुताची पोती वाहणाऱ्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोला कागदोपत्री पाऊण टनाच्या आसपास माल चालतो. म्हणजे ओव्हरलोड केलेल्या छोट्या हत्तीचा भार माणसाच्या बुडाखालून वर येतो. हे अर्ध्या सेकंदाहून कमी काळ चालतं म्हणून माणूस टिकतो. मूठ ओढताना पाठ ताठ आणि डोकं मागे टेकलेलं हवं, असं शिकवतात ते यासाठीच. मान वाकवून खाली बघत बसलेल्याचे मणके दबतात, कधी तडकतात. ‘किरकोळ जखमी’ या दोन शब्दांत पुष्कळदा महिनोन् महिन्यांचं अंथरूण मावलेलं असतं.

मार्टिन-बेकर कंपनीच्या खुर्चीनं जीव वाचला, तर कंपनी वैमानिकाला एक खास टाय देते. १९५७ पासून या टायवाल्यांचा क्लबच आहे आणि कंपनीच्या खुर्च्यांनी आजवर साडेसात हजारांहून अधिक जीव वाचवले आहेत. सभासद व्हायला वर्गणी लागत नाही. सरकारचं एक विमान तेवढं खर्ची पडतं.

४. खुर्चीच आधी उठली तर?

पुण्याच्या लोहगाव तळावरची सुखोई विमानं दोनदा जवळच्या शिवारात पडली. १३ डिसेंबर २०११ रोजी वाघोलीच्या बाजूला आणि १४ ऑक्टोबर २०१४ रोजी थेऊरजवळ. दोन्ही वेळची मिळून चारही माणसं वाचली. दुसरी घटना मात्र विलक्षण होती.

विमान उतरण्याच्या तयारीत होतं. तेवढ्यात दोन्ही खुर्च्या उडाल्या. मूठ कोणी ओढलीच नव्हती, खुर्च्या आपोआप सुटल्या, असं हवाई दलाच्या बाजूनं सांगितलं गेलं. खुर्ची बनवणाऱ्या देशाला हे पटायला जड गेलं, कारण खुर्ची आपण होऊन उठते हे मान्य करणं म्हणजे दुकान बंद करण्यासारखंच. सगळ्या देशातला सुखोईंचा ताफा, जवळपास दोनशे विमानं, काही आठवडे जमिनीवर ठेवून तपासला गेला. आपण धडधाकट आहोत हे वैमानिक सोडून गेलेल्या विमानाला कळलं असतं, तर ते बहुधा नीट उतरलंही असतं.

एरवी राजकारणात खुर्ची माणसाला कंटाळून उठल्याचं उदाहरण मिळत नाही.

५. धाडकन उतरणं म्हणजे किती धाडकन?

प्रत्येक अपघात आकाशातून कोसळण्याचा नसतो. कित्येकदा विमान धावपट्टीवर येतं, फक्त जरा जोरात. हा जोर मोजायचा कसा? विमान पुढे किती वेगानं धावतंय याला इथे महत्त्व नाही. ते खाली किती वेगानं येतंय, ते बघायचं.

प्रवासी विमान चांगलं उतरलं, तर ते सेकंदाला मीटरभरही खाली येत नाही. त्याच्या चाकांचे पाय सेकंदाला सुमारे तीन मीटर सोसतील असे बांधलेले असतात. तीन मीटर म्हणजे किती? साधारण ४५ सेंटिमीटर उंचीच्या स्टुलावरून उडी मारल्यावर पाय जमिनीला टेकतात तो वेग. भिवंडीतल्या गोदामाचा माल चढवायचा फलाट चार फुटांचा असतो. तिथून उडी मारली, तर वेग सेकंदाला जवळजवळ पाच मीटर होतो. हमाल ती दिवसातून दहादा मारतो, पण त्याचं वजन साठ किलो असतं आणि त्याला गुडघे असतात.

आता नौदलाचं लढाऊ विमान घ्या. विमानवाहू जहाजाची उतरायची जागा इतकी आखूड, की अलगद टेकण्याची चैन परवडत नाही. वैमानिक विमान ठरलेल्या कोनात थेट डेकवर आणून आपटतो. त्याच्या पोटाखालच्या आकड्यानं डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एक पकडायचा असतो. आयएनएस विक्रमादित्यवर असे तीन दोर आहेत. चाकं टेकताच वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण जोरात लावतो. दोर सापडला, तर विमान शंभर मीटरच्या आसपास थांबतं. नाही सापडला, तर पुढे समुद्र आहे आणि पुन्हा उडायला वेग हवा. या उतरण्याला वैमानिक स्वतःच ‘ताब्यात ठेवलेला अपघात’ म्हणतात. अशा विमानांचे पाय म्हणूनच सेकंदाला सहा मीटर किंवा त्याहून अधिक सोसतील असे करतात. तो वेग सहा फुटांवरून पडण्याचा. वजन पंधरा टन धरा.

रोज असं आपटून घेणाऱ्या यंत्राचं काय होतं? गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरून उडणाऱ्या मिग-२९के विमानांबद्दल ‘कॅग’नं २०१६ मध्ये अहवाल दिला. दोन इंजिनांच्या या विमानांची ६५ पैकी ४० इंजिनं दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती, असं त्यात होतं. रिक्षावाला अशी गाडी गॅरेजवाल्याच्या अंगणात सोडून पायी घरी आला असता.

मुंबईलाही अशा न कोसळणाऱ्या अपघातांची चव मिळाली आहे. ७ मे २०१९ च्या रात्री हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान मुंबई विमानतळावरून उडायला धावलं आणि न उडताच धावपट्टीपलीकडे गेलं. कोणाला इजा झाली नाही, मुख्य धावपट्टी तेवढी अडून राहिली. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाच्या ध्रुव हेलिकॉप्टरची शक्ती मुंबईच्या समुद्रावर अचानक गेली. वैमानिकानं ते ताब्यात ठेवून पाण्यावर टेकवलं, फुगे फुगले, हेलिकॉप्टर तरंगत राहिलं आणि तिघेही वाचले. कल्याणच्या पलीकडे नेवाळीला मात्र दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी आहे, जिथे विमान पडण्याची भीती नाही, कारण तिथे विमान उतरतच नाही. तिथे शेतकरी आणि नौदल यांच्यात जमिनीवरून वाद आहे. जून २०१७ मध्ये तो इतका पेटला, की गाड्या जळाल्या.

६. पाखरू आणि पोतं

१६ नोव्हेंबर २०१९. आयएनएस हंसावरून मिग-२९के जातीचं प्रशिक्षण विमान उडालं आणि पक्ष्यांच्या थव्यात शिरलं. डावं इंजिन बंद पडलं, उजव्यानं पेट घेतला. दोघा वैमानिकांनी विमानाचं तोंड वस्तीपासून वळवलं आणि मगच मूठ ओढली. विमान वेर्णेच्या पठारावर पडलं.

इतक्या लोखंडाला पाखरू भारी कसं पडतं? पाखरू किलोभराचं आणि विमानाचा वेग सेकंदाला शंभर मीटर धरू, म्हणजे ताशी ३६०. या टकरीतली ऊर्जा पन्नास किलोचं सुताचं पोतं दहा मीटरवरून पडावं एवढी होते. भिवंडीत तिसऱ्या मजल्यावरून पोतं खाली येताना ‘बाजूला व्हा’ अशी आरोळी ठोकतात. इथे आरोळी कोणी ठोकत नाही आणि पोतं पडतं ते मिनिटाला हजारो फेरे फिरणाऱ्या पात्यांवर. एक पातं तुटलं की त्याचे तुकडे पुढची पाती तोडतात. यंत्रमागात स्क्रू पडल्यावर काय होतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला पुढचं सांगायला नको.

७. ‘वैमानिकाची चूक’

इथवर जे वाचले त्यांच्या गोष्टी झाल्या. आता आकडे.

मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं, की भारतानं घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना १९ एप्रिल २०१२ पर्यंत अपघात झाले. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि सैन्यदलांतले आणखी ८ जण गेले. निम्म्याहून अधिक विमानं, तीही मिगच्या सगळ्या जाती मिळून. मिग-२१ ला लोक ‘उडती शवपेटी’ म्हणू लागले ते यामुळे. यातली शेकडो विमानं ओझरच्या एचएएल कारखान्यात, म्हणजे त्याच मुंबई-आग्रा महामार्गावर, बांधली गेली होती.

मिग-२१ मुळात वाईट नव्हतं. १९६३ मध्ये आलं तेव्हा ते जगातल्या वेगवान विमानांत होतं. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी त्याला छोटे त्रिकोणी पंख दिले होते. छोटा पंख कमी वेगात विमानाला उचलून धरू शकत नाही, म्हणून उतरतानाही वेग ताशी तीनशेच्या वर ठेवावा लागे. त्यावर इंजिन एकच. वर कित्येक वर्षं आपल्या हवाई दलाकडे मधल्या टप्प्याचं पुरेसं वेगवान प्रशिक्षण विमान नव्हतं. स्कूटर शिकलेल्या पोराला थेट घाटात ट्रक द्यावा, तसा हा मामला होता.

अपघातानंतर चौकशी बसते. कारणांच्या रकान्यात ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द वारंवार येतात. पुष्कळदा ते खरं असतं, पण चूक म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला हवं. ठाण्याला लोकलमध्ये बसलेले असताना शेजारची गाडी हलली की आपलीच गाडी निघाल्यासारखं वाटतं. डोळे मेंदूला फसवतात. रात्री, क्षितिज दिसत नसताना, वेगानं वर जाणाऱ्या विमानात तोल सांभाळणारा कान अशीच फसगत करतो आणि विमान खाली वळतंय की वर जातंय हे कळेनासं होतं. याला दिशाभ्रम म्हणतात. यंत्रं खरं सांगत असतात, पण यंत्रावर विश्वास ठेवून स्वतःच्या कानाला खोटं ठरवायला सराव लागतो. आणि यंत्रच बिघडलेलं असेल तर?

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगढला मिग-२१ कोसळून गेले. वैमानिकाला दिशाभ्रम झाला, हे कारण त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मानलं नाही. त्यांनी पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांतून प्रश्न विचारले, वर्षानुवर्षं ते लावून धरले. पुढे गाडगीळ कुटुंबानं मुलाच्या नावानं पुण्यात संस्था काढली आणि जमिनीवरच्या बनावट कॉकपिटमध्ये उड्डाणाचा सराव देणं सुरू केलं. २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ आला, त्यातही मिग-२१ होतं. प्रदर्शनाआधी तो सिनेमा संरक्षणमंत्र्यांना आणि सेनाधिकाऱ्यांना दाखवावा लागला. विमान त्यानंतरही एकोणीस वर्षं उडत राहिलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला.

८. विनोद कोणी करायचा?

वरच्या सातही भागांत थट्टा आहे. ती बरी दिसते का? वैमानिकांच्या मेसमध्ये याहून कडक थट्टा चालते. पण ती करणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीवर बसणार असतो. चौकशीच्या रकान्यात लिहिणाऱ्याला ती खुर्ची नसते, म्हणून त्यानं तोंड गंभीर ठेवूनच लिहावं, अशी अपेक्षा असते.

मे २०२० मध्ये गोव्यातल्या मिग-२९के तुकडीतले कमांडर निशांत सिंग यांनी लग्नाची परवानगी मागणारं पत्र वरिष्ठांना लिहिलं. सरकारी पत्राचा साचा, आणि मजकूर असा की जणू लग्न ही जीवघेणी लढाऊ मोहीमच आहे, बॉम्ब टाकण्याच्या भाषेसकट. वरिष्ठांनीही त्याच सुरात मंजुरी दिली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत पत्र देशभर फिरलं आणि लोक पोट धरून हसले. २६ नोव्हेंबरला त्यांचं विमान अरबी समुद्रात पडलं. सोबतचा वैमानिक वाचला. निशांत सिंग यांचा मृतदेह अकरा दिवसांनी मिळाला. पत्र आजही वाचायला मिळतं, ते तितकंच विनोदी आहे.

खुर्ची तुम्हाला विमानाबाहेर काढते. कुठे उतरवायचं, हे तिच्या हातात नसतं. निफाडला शेत मिळालं, वाचलेल्यांना उचलायला धावलेली माणसं मिळाली. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांना १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तान मिळालं. पारुळकरांचं खुर्चीशी जुनं वैर होतं. १९६५ च्या युद्धात उजव्या खांद्याला दुखापत झाली आणि विमान मोडकळीला आलं, तेव्हा बाहेर पडण्याचा सल्ला डावलून त्यांनी ते तसंच तळावर आणून उतरवलं होतं. १९७१ मध्ये सुखोई-७ ला तोफेचा गोळा लागला आणि या वेळी मूठ ओढावीच लागली.

रावळपिंडीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून ऑगस्ट १९७२ मध्ये ते, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरिश सिंहजी भिंतीला भोक पाडून पळाले. पठाणी कपड्यांत, बसनं, पेशावरमार्गे खैबर खिंडीत लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाणिस्तानची हद्द काही किलोमीटरवर होती. तिथे त्यांनी बाजारात चौकशी केली, लंडी खानाला जायला गाडी कुठे मिळेल? नकाशावर ते स्टेशन ठळक छापलेलं होतं. ते १९३२ मध्येच बंद झालं होतं, आणि चाळीस वर्षांत त्याचा पत्ता कोणी विचारला नव्हता.

संशय आला, तिघे पकडले गेले. देश सोडून पळणारे बंगाली समजून लोक त्यांच्याकडे बघत होते आणि प्रकरण जिवावर बेतत होतं. तेव्हा पारुळकरांनी त्यांच्या छावणीचे आधीचे प्रमुख, पाकिस्तानी हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, यांना फोन लावायला सांगितला. ही माणसं आमचीच आहेत, त्यांना हात लावू नका, असा निरोप पलीकडून आला.